गारठलेले पाय

फ्रीमँटल, ऑस्ट्रेलिया
३ जून २०१९

बेरिल,

नाताळच्या कार्डाशिवाय माझं काही आलेलं बघून तू आधी म्हणशील, आता कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. माझा डेस गेला तो मागच्याच वर्षी, ते तुला कळवलं होतं.

बातमी अशी. 'वेट स्लेट्स' बँडची ती तबकडी आठवते ना? आपल्या कॉल्डरविकच्या विद्यापीठात, विद्यार्थी युनियनच्या हॉलमध्ये, लोकांसमोर वाजवतानाच ध्वनिमुद्रित केलेली? १९७३चा फेब्रुवारी. कंपनी ती पुन्हा काढते आहे आणि तिच्यातल्या 'त्या पोरीला' शोधते आहे. दुसऱ्या बाजूला तो लंबू गायक दोन गाण्यांच्या मध्ये जगातल्या अन्यायावर बोलत सुटतो, मध्येच श्वास घ्यायला थांबतो, आणि एक पोरगी ओरडते, "भाषण पुरे कर अन् वाजव काहीतरी, माझे पाय गारठलेत." हॉल हसतो, गायकही हसतो आणि गाणं सुरू होतं. गाणी विसरलेल्या लोकांनाही ती ओळ पाठ आहे म्हणे.

ती पोरगी मी. मी त्यांना तसं कळवलंय. नोव्हेंबरमध्ये त्याच हॉलमध्ये दुपारी समारंभ आहे. मला मंचावर बोलावणार, ती ओळ पुन्हा म्हणायला लावणार, नव्या वेष्टनावर माझं नाव छापणार. माझा मुलगा क्रेग मला घेऊन येणार आहे.

फक्त एक अडचण आहे. 'तो आवाज माझाच' म्हणणाऱ्या बायका बऱ्याच निघाल्या, म्हणून त्या दिवशी तिथे असलेल्या कोणाची तरी सही लागते. मला तुझ्याशिवाय कोण आहे तिकडे? तू त्या दिवशी बसने घरी गेलीस हे मला ठाऊक आहे, पण ते आपल्या दोघींत राहू दे. एवढंच लिही की तू माझ्या शेजारी उभी होतीस.

कागद सोबत जोडला आहे.

तुझी,
पॉलीन


कॉल्डरविक
१९ जून

पॉलीन,

पत्र पोचलं. माझी नात कर्स्टी म्हणाली, आजी, फोनवर लिही, क्षणात जाईल. म्हटलं, क्षणात जायला नकोच आहे मला. ही कर्स्टी त्याच विद्यापीठात शिकते, आमच्या घरातली पहिलीच. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर बिस्किटं भरायला लागले, तेव्हा वेलांट्या मोजत बसू नकोस.

तुझं पत्र आल्यापासून मी स्वयंपाकघरातली कपाटं उपसून पुन्हा लावली. मग पुन्हा उपसली. बसवत नाही. बसले की ते सगळं आठवतं.

तुला आठवतं का, आपण आत कशा जायचो ते? युनियन विद्यार्थ्यांची. कारखान्यातल्या पोरींना दारातून आत जायचं तर कोणा विद्यार्थ्याने दारावरच्या वहीत सही करून म्हणायला हवं, ही माझी पाहुणी. एका विद्यार्थ्याला एकच पाहुणी. पाहुणीला पाहुणी आणता येत नाही. पाहुणीने काही फोडलं तर बोलणी विद्यार्थ्याने खायची. म्हणून आपण पायऱ्यांवर उभ्या राहून माणूस हेरायचो. एकटा, चष्मा, अंगात आईने विणलेला स्वेटर. तू म्हणायचीस, स्वेटरवाले नाही म्हणत नाहीत, त्यांना आईची सवय असते.

आत गेलं की भट्टी. भिंतींना पाझर फुटायचा. ढोल वाजला की पायाखालच्या फळीचा हादरा दाताच्या मुळापर्यंत यायचा. बाहेर आलं की केसांतून वाफ निघायची अन् सोमवारपर्यंत कानात शिट्टी. पट्ट्यावरची मुकादमीण काही बोलली तर ऐकू यायचं नाही, हा वरचा फायदा.

सही मागतेस. बघते. आधी मला एक सांग. तुझे पाय का गारठले होते?

बेरिल


फ्रीमँटल
८ जुलै

बेरिल,

तू कधी साधं 'हो' म्हणालीस तर मला घेरी येईल.

पायांचं काय घेऊन बसलीस? तोंडाला येईल ते ओरडले. सगळेच ओरडत होते. उलट मला आठवतं, इतकं उकडत होतं की मी बूट काढून हातात धरले होते, आणि जमीन सांडलेल्या बिअरने चिकट झालेली. आणि तो स्वेटरवाला, नाव विसरले बघ, रसायनशास्त्राचा, माझा कोट सांभाळत उभा होता.

आता तुला न सांगितलेलं सांगते. इथे आले तेव्हा माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. एका घरी जेवायला बोलावलं होतं, तिथे डेसने ती तबकडी लावली. ओळ आली, सगळे हसले. मी म्हटलं, ती मी आहे. तोवर मी त्या घरातली परकी इंग्लिश बाई होते. पुढच्या क्षणी डेस माझ्यापुढे बटाट्यांचं भांडं धरून उभा होता. आमच्या लग्नात त्याने तीच ओळ लावली. क्रेग लहानपणी हट्ट करायचा तेव्हा आम्ही दोघं एका सुरात तीच म्हणायचो. डेसला निरोप देतानाही लावली आणि अख्खं चर्च हसलं.

आता क्रेगचं ऐक. मी नळ चालू ठेवला, एकदा शेजारणीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली, तेव्हापासून तो माझ्याकडे घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखा बघतो. समुद्राजवळच्या एका वृद्धाश्रमाची पत्रकं आणून ठेवली आहेत. परवा म्हणाला, "आई, त्या तबकडीचं तरी खरं आहे ना?" मी म्हटलं, बेरिलला विचार.

तेव्हा सही कर. मला माझ्या स्वयंपाकघरात मरायचं आहे.

पॉलीन


कॉल्डरविक
११ ऑगस्ट

पॉलीन,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. तिन्ही वेळा फाडलं. कर्स्टी म्हणते, आजी, तू दिवसभर जिने चढतेस-उतरतेस, जिना झिजेल. झिजू दे, घर नगरपालिकेचं आहे.

सरळ सांगते, गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही.

मी त्या दिवशी बसने घरी गेले नाही. तो रसायनवाला म्हणाला, एकच पाहुणी, अन् तू त्याच्या हातात हात घालून मोकळी झालीस. "तुला चालेल ना गं?" हे तू दाराच्या आतून विचारलंस. मी म्हटलं, चालेल. मग मी मागच्या अंगाला गेले. तिथे स्वयंपाकघराच्या चौकात बाटल्यांचे पेटारे रचलेले असायचे. त्यांवर चढलं की मंचाच्या बाजूची उंच खिडकी हाताला लागायची. आतल्या उकाड्याने ती उघडीच ठेवत. मिसेस टॅटरसॉल आत बटाटे तळायची. तिने मला बघितलं अन् खालच्या झरोक्यातून चिप्सचा कागद दिला, वरून ग्रेव्ही ओतलेली. म्हणाली, "पडलीस तर मी तुला ओळखत नाही."

खरं सांगू? तिथून जसं ऐकू यायचं तसं आतून कधी आलं नाही. आत धक्के, कोपर, कोणाच्या तरी घामट काखेचा वास. बाहेर फक्त गाणं. ढोलकऱ्याचा घोटासुद्धा ऐकू यायचा. त्यानंतर मी दारातून आत जायचा नादच सोडला. तू आत, मी पेटाऱ्यावर. सोमवारी तू मला सांगायचीस कोण कसं गायलं, अन् मी ऐकून घ्यायचे.

पण त्या दिवशी फेब्रुवारीची थंडी होती. पेटाऱ्यांवर बर्फाचा थर. माझ्या बुटाला भोक होतं, तुला माहीत आहे ते, तूच त्यात पुठ्ठा घालून दिला होतास. तो लंबू बोलत सुटला. गरिबांवरच बोलत होता, अन् मी तिथे उभी. तो श्वास घ्यायला थांबला अन् मी खिडकीत तोंड घालून ओरडले. मंचाचा ध्वनिग्राहक हाताच्या अंतरावर होता.

भट्टीत कोणाचे पाय गारठत नाहीत, पॉलीन. तू बूट काढून उभी होतीस, तूच लिहिलंस.

तू ओरडली नाहीस असं मी म्हणत नाही. ओरडली असशील. पण तबकडीवर मी आहे. कर्स्टीने ती फोनवर कानाला लावून ऐकली अन् न विचारता म्हणाली, "आजी, ही तू."

हे मी कोणाला सांगितलं नाही अन् सांगणार नाही. नाव हवं तर घे. पण तुझ्या शेजारी उभी होते असं लिहायला मला लावू नकोस. मी तुझ्या शेजारी उभी नव्हते. तेच तर दुखणं आहे.

बेरिल


फ्रीमँटल
९ सप्टेंबर

बेरिल,

त्या सोमवारी पट्ट्यावर मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, घरी गेले, कोको प्यायले, झोपले. म्हणजे तू तेव्हा खोटं बोललीस किंवा आता बोलते आहेस. कोणतं ते तूच ठरव.

क्रेग आता माझं टपाल आधी उघडतो. त्याने तुझं पत्र वाचलं. मग चहा करून दिला, आणि चहा करून देतो तेव्हा मला भीती वाटते. आश्रमाच्या लोकांना पुढच्या महिन्यात घरी बोलावलं आहे. समारंभाला जायचं की नाही ते 'बघू' म्हणाला.

तुला जिंकायचं होतं. जिंकलीस.

पॉलीन


कॉल्डरविक
१८ सप्टेंबर

क्रेग,

तू मला भेटलेला नाहीस. मी बेरिल, तुझी आई मला मैत्रीण म्हणायची. दुसऱ्याची पत्रं फोडणाऱ्याला आमच्या गल्लीत एक शब्द आहे, पण आपली ओळख नवी आहे म्हणून तो राखून ठेवते. हे पत्र तुझ्याच नावाने पाठवते, म्हणजे फोडायचे कष्ट नकोत.

मी तुझ्या आईला जे लिहिलं ते जळफळाटाने लिहिलं. तिचा नवरा चांगला निघाला, माझा पबमध्ये राहायला होता. तिच्या दारात समुद्र, माझ्या दारात बसचा डेपो. म्हातारी बाई मत्सराने काय काय रचते ते तुला या वयात कळणार नाही. गल्लीत कोणालाही विचार, बेरिलची जीभ कशी आहे. माझ्या अंत्ययात्रेला लोक येतील ते मी खरंच गेले याची खात्री करून घ्यायला.

अन् साधा हिशोब कर. ती आत होती. दारावरच्या नियमाने आत गेली होती. मी बाहेर होते. जी आत नव्हती ती आतल्या तबकडीवर कशी येईल?

कंपनीचा कागद मी सही करून धाडला. पॉलीनच्या शेजारी उभी होते असंही लिहिलं. तिची अक्कल शाबूत आहे. नळ चालू राहिला म्हणतोस, माझा तर नळच तुटलाय, अन् मला कोणी समुद्राजवळ नेत नाही.

आईला घेऊन ये.

बेरिल मावशी


फ्रीमँटल
४ डिसेंबर

बेरिल,

घरी परत येऊन आठवडा झाला. आम्ही तिकडे उतरलो तेव्हा तू विमानतळावर आली नाहीस ते योग्यच केलंस, मला अजून काय बोलावं ते सुचलेलं नव्हतं.

तुला मंचावरून दिसलेलं सांगते. हॉल रंगवलाय, पण फळ्या त्याच. आपल्या वयाच्या बायका, पोटं सुटलेले ते स्वेटरवाले, आणि मागे विद्यार्थी. 'वेट स्लेट्स'मधला एकटा ढोलकरी आला होता, काठी टेकत. कोणी एक मुलगा माझ्याबद्दल बराच वेळ बोलला. क्रेग पहिल्या रांगेत, हातांची घडी घालून. मग माझ्यासमोर ध्वनिग्राहक ठेवला आणि म्हणाले, आता ती ओळ.

मी तोंड उघडलं आणि बाजूला बघितलं. सगळ्या खिडक्या बंद, एकच उघडी, स्वयंपाकघराच्या बाजूची. तिच्या काठावर लाल लोकरीची टोपी. नुसती टोपी. मी मनात म्हटलं, ही बया अजून पेटाऱ्यावर चढते.

ती ओळ माझ्या तोंडून निघेना. इतक्या वर्षांत हजारदा म्हटलेली. शेवटी जे आलं ते आलं, "बेरिल, या थंडीत तिथे काय करतेस? पाय गारठतील. आत ये."

लोक हसले. त्यांना वाटलं ठरवून केलंय. आणि तेवढ्यात खिडकीतून तू, "आधी भाषण पुरे कर."

बेरिल, हॉल असा गडगडला की ढोलकऱ्याने काठी टाकली. पण मी क्रेगकडे बघत होते. त्याने तो आवाज आयुष्यभर ऐकलाय, पाळण्यात असल्यापासून. त्याच्या हातांची घडी सुटली.

विमानात त्याने विचारलं. मी सांगितलं, तिचाच आवाज. तुझ्या वडिलांना मी पहिल्या दिवशी थाप मारली आणि पुढे ती थाप मलाच खरी वाटायला लागली. तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे तुझं डोकं बिघडलेलं नाही. तू नुसती खोटारडी आहेस."

मी म्हटलं, पहिल्यापासून.

"खोटारड्यांसाठी आश्रम नसतात," म्हणाला, आणि माझ्या वाट्याचं बिस्किट खाल्लं. पत्रकं त्याने परवा कचऱ्यात टाकली. टपालही आता न उघडता आणून देतो. फक्त नळ आपणच बंद होईल असा बसवला आहे. तेवढं चालेल.

वेष्टनावर माझंच नाव छापून झालंय. कंपनीला लिहू का?

पॉलीन


कॉल्डरविक
१६ डिसेंबर

पॉलीन,

लिहू नकोस. छापलेलं खोडायला गेलं की घाण होते. नाव तुझं राहू दे. पाय माझे आहेत ते मला माहीत आहे.

मला आत यायचं नव्हतं. साक्षीदारासाठी आलेलं निमंत्रणाचं कार्ड मी मुद्दाम घरी ठेवलं होतं, नाहीतर पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या. पेटारे आता प्लास्टिकचे आहेत, पाय घसरतो. मिसेस टॅटरसॉलच्या जागी एक दाढीवाला पोरगा आहे. त्याला म्हटलं, चिप्स अन् ग्रेव्ही दे. म्हणाला, "आजी, आम्ही ग्रेव्ही ठेवत नाही." विद्यापीठ आहे अन् ग्रेव्ही नाही. काय शिकवतात देव जाणे.

तू 'आत ये' म्हणालीस अन् मला उतरावं लागलं. सगळ्या जगाने ऐकलं होतं. म्हणून पुढच्या दाराशी आले. दारावर एक पोरगी, नाकात कडी. म्हणाली, "कार्ड? नाही? मग कोणा सभासदाने सही करून आत घ्यावं लागेल." म्हटलं, नियम बदलला नाही वाटतं. म्हणाली, "कसला नियम?" कर्स्टीला बोलव म्हणणार होते, पण ती वर दिवे सांभाळत होती. मी परत फिरलेच होते. बसही समोर उभी होती.

तेवढ्यात तू आलीस. धापा टाकत, पायात एकच बूट, दुसरा हातात. उकडत होतं म्हणे. थेट दारावरची वही ओढलीस, पाहुणीच्या रकान्यात माझं नाव घातलंस अन् 'कोणाची' ह्या रकान्यात तुझं. नाकात कडीवाली म्हणाली, "पण तुम्हीच पाहुण्या आहात." तू म्हणालीस, "मी गाजलेली आहे," अन् मला दंडाला धरून आत नेलंस.

तुझा तो बूट दारातच राहिला होता. कर्स्टीने आणून दिला. पार्सल करून पाठवलाय, आत पुठ्ठा घातलाय.

बेरिल